काल काय जेवलात?

अंबरनाथच्या लॅबमध्ये रक्त घेणारे ते गृहस्थ दंडाला रबर बांधताना प्रत्येकाला एकच विचारत, "काल काय जेवलात?"

साखर तपासायला आलेल्या बाबांनी फुशारकीने सांगितलं, "दोन दिवस नुसतं ताक."

"म्हणजे कॉपी करून पास होणार, काका," ते हसले. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "आठवडाभर नेहमीसारखं जेवू दे, मग परत आण त्यांना."

साखर नॉर्मल आली. घरातला पहिला पदवीधर मी. छापील रिपोर्टवर विश्वास ठेवला आणि बाबांना परत नेलं नाही.

तीन वर्षांनी, साखरेने नजर गेल्यावर, त्यांना हात धरून तिथे नेलं. रबर बांधत त्याच गृहस्थांनी हळूच विचारलं, "काका, काल काय जेवलात?"

"रोजचंच," बाबा म्हणाले.