गुरुवार, सव्वासातचे गाणे

गुरुवारी संध्याकाळी सात वाजून सत्तावीस मिनिटांनी सोलापुरातल्या आमच्या वाचनालयाच्या रेडिओपेटीचे दुसरे कुलूप उघडले. ज्या गाण्यासाठी ते उघडायचे होते, ते सव्वासातला सुरू होऊन साडेसातला संपणार होते. थंडीचे दिवस होते. दशक एकोणीसशे तीसनंतरचे. मी त्या वेळी एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो आणि वाचनालयाचा चिटणीस. वेळ माझ्या घड्याळावरची आहे आणि ती मी तिथेच टिपून घेतली होती.

गाणारा आमच्याच पेठेतला विणकर होता. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि गाणी दोन्ही भाषांतली. मागावर बसला की गायचा. रस्त्याने जाणारे थांबून ऐकायचे. कुणीतरी त्याच्या वतीने एका नभोवाणी केंद्राला पत्र टाकले. कोणत्या केंद्राला, ते इथे महत्त्वाचे नाही. उत्तर आले: अमुक गुरुवारी या, पंधरा मिनिटे मिळतील, गाणी लिहून आधी पाठवा. त्याने सांगितली, मी लिहिली, टपालात टाकली. त्या काळी माणूस तिथे गायचा आणि त्याच क्षणी गाणे हवेत जायचे. ते पुन्हा ऐकायला मिळेल अशी आशा कुणी करत नसे.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको वाचनालयाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बायका आत येत नसत. तसा नियम नव्हता, पण येत नसत. ती घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. बोटांना सुताचा रंग लागलेला होता.

“भाऊ, त्या पेटीत यांचं गानं येनार म्हनत्यात. खरं हाय?”

“खरं आहे, वहिनी.”

“लगीन झाल्यापास्नं मागाच्या खडखडाटातच ऐकलंय मी. घरात म्हना म्हनलं तर लाजत्यात. म्हनत्यात, बायकोम्होरं काय गायचं. एकदा नुसतं गानं ऐकू द्या. मागाबिगर.”

मी हो म्हणालो. रेडिओ होता, छपरावर एरियलची तार ताणलेली होती, दिवस पंधरा होते. यात अडण्यासारखे काही दिसले नाही.

आमचा रेडिओ मात्र नुसता रेडिओ राहिलेला नव्हता. तो आल्यापासून केंद्र बदलण्याच्या खुंटीवर कुणाचा हात असावा यावरून भांडणे होती. मराठी सभासदांना मुंबई हवी होती, तेलुगू सभासदांना मद्रास, आणि अत्तरवाले मियाँ आणि त्यांच्या मित्रमंडळींना हैदराबाद. अक्कलकोटकडचे एक शिक्षक कानडी लावा म्हणून महिनाभर सांगत होते आणि नंतर त्यांनी येणेच सोडले. एकदा ओढाओढीत खुंटी निखळून एकाच्या हातात आली. त्यामुळे भांडण थांबले नाही, फक्त त्या संध्याकाळी कुणालाच काही ऐकायला मिळाले नाही.

समितीने वार वाटून दिले आणि रेडिओला लाकडी पेटी केली. पेटीला दोन कुलपे लावायची ही सूचना समितीतल्या, विणकर समाजाच्या एका पंचांची. त्यांच्या समाजाच्या पेटीला तशीच दोन कुलपे असत, दोन पंचांकडे एकेक किल्ली, म्हणजे एकट्याला पेटी उघडता येत नाही. किल्ली पंचाच्या कमरेच्या करदोट्याला बांधलेली असे. ती बायकोकडे द्यायची नाही, भावाकडे द्यायची नाही, आजारी पडला तरी सोडायची नाही. एक किल्ली मराठी सभासदांतर्फे समितीतल्या वकिलांकडे गेली आणि दुसरी या पंचांकडे. ठराव एकमताने झाला. मीच तो लिहिला.

गुरुवार हा अत्तरवाल्यांचा वार होता. मी त्यांच्या दुकानात गेलो.

“हमारा दिन मांगने आये क्या?” ते म्हणाले. “चिटणीससाब, तुम लोगां हमारा दिन कभी दिये क्या? जाव, लेव. गानेवाला अपनी गल्ली का है. पण अगले सोमवार को हैदराबाद लगेगा, हां.”

सोमवार मराठी सभासदांचा होता. वकील दोन दिवस अडून बसले, मग कबूल झाले.

त्यानंतर परवानगीचे निघाले. रेडिओचा परवाना आमच्याकडे होता. पण आम्ही रेडिओचा कर्णा खिडकीत ठेवत असू आणि रस्त्यावर माणसे जमत. मार्शल लॉचे दिवस उलटून वर्षे झाली होती, तरी सोलापुरात चार माणसे एका जागी उभी राहिली की पाचवा येऊन का उभे आहात म्हणून विचारायचा. कुणीतरी तक्रार केली. वाचनालयाला चिठ्ठी आली की परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी कर्णा वाजवू नये. गणपतीच्या मेळ्यांची पदे ज्या कचेरीतून पास होत, तिथेच हा अर्ज करायचा होता. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज पाहिला.

“पदं कुठं आहेत?”

“कसली पदं?”

“वाजवणार ती. लिहून द्या. दोन प्रती.”

“अहो, ती केंद्रावरून येतात. तिथं रोज काय गातील ते आम्हाला कसं कळणार?”

“कळत नाही तर वाजवता कशाला?”

“बातम्या असतात, बाजारभाव असतात. ते आधी कसं लिहून देणार?”

“मेळेवाले देतात की. वहीत उतरवून आणतात, शिक्का मारून घेतात. शिकलेसवरलेले नसतात, तरी आणतात. तुम्ही तर पेपरात लिहिता.”

मी सांगितले की मेळ्याची पदे मेळ्याची असतात, रेडिओ आमचा असला तरी त्यातला आवाज आमचा नसतो. त्याने हे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “पेटी कुणाची? तुमची. मग आतलंही तुमचंच.”

चार खेपा झाल्या. तिथून टपाल कचेरीत पाठवले. तिथे सांगण्यात आले की परवाना ठीक आहे, कर्ण्याशी आमचा संबंध नाही. नगरपालिकेत म्हणाले, रस्ता आमचा, आवाज आमचा नाही. पाचव्या खेपेला मी फक्त त्या गुरुवारच्या पंधरा मिनिटांचा अर्ज केला आणि केंद्राला पाठवलेली गाणी पुन्हा दोन प्रतींत उतरवून नेली. कारकुनाने ती बोट ठेवून वाचली. एका ओळीशी थांबला.

“लाल काठ. लालच का?”

“साडीचा काठ आहे.”

“ते कळलं. गिरण्यांकडं लाल बावट्यावरून काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. दुसरा रंग नाही होत?”

मी विणकराला विचारले. तो मागावरून उठला नाही. “इणतो की आमी हिरवा बी,” तो म्हणाला. “हिरवा म्हनू. त्यात काय हाय.” मी दोन्ही प्रतींत हिरवा केला. बुधवारी शिक्का मिळाला. अटी दोन होत्या: परवानगी त्या पंधरा मिनिटांपुरती, आणि कर्ण्याचे तोंड खोलीच्या आत.

विणकर मंगळवारीच आगगाडीने गेला होता. जाताना पाठ केलेले हिरव्या काठाचेच होते.

गुरुवारी साडेसहालाच खोली भरली. रस्त्यापलीकडच्या ओट्यावर बायका बसल्या. विणकराची बायको त्यांच्यात होती. कर्णा आत वळवलेला असल्याने तिथे ऐकू येणार नाही हे सगळ्यांना दिसत होते. वकिलांनी आपली किल्ली काढून मेजावर ठेवली.

पंच नव्हते. ते सकाळी बार्शीला एका सोयरिकीच्या बोलणीला गेले होते आणि सहाला पोचणाऱ्या मोटारीने येणार होते. किल्ली त्यांच्या कमरेला होती. या गाण्यासाठी पेठेत सगळ्यांत जास्त धावपळ त्यांनीच केली होती.

“घरी ठेवून गेले असते तर?” मी त्यांच्या भावाला विचारले.

“घरी? पंचाची किल्ली?” भाऊ म्हणाला आणि मोटार आली का ते बघायला निघाला.

सात वाजले. कुलूप तोडावे असे अत्तरवाले म्हणाले. वकील म्हणाले, ठरावाशिवाय तोडता येणार नाही. ठरावाला समितीचे पाच सभासद लागतात, इथे चार आहेत.

“वकीलसाब, कुलूप है, कोर्ट नहीं.”

“कोर्टात सोपं असतं,” वकील म्हणाले. “तिथं एकच माणूस ठरवतो.”

पाचव्या सभासदाला बोलवायला माणूस गेला. तो सिनेमाला गेला असल्याचे कळले. सव्वासात झाले. खोलीतले लोक पेटीकडे पाहत बसले. आत गाणे चालू आहे आणि फक्त झाकण आडवे आले आहे, असे काही जण खरोखरच समजत होते. एकाने पेटीला कान लावला.

सात पंचवीसला पंच धुळीने भरलेले आले. वाटेत मोटारीचे चाक बसले होते. करदोट्याची गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी धोतर तसेच धरून पेटीशी वाकून कुलूप उघडले. वकिलांचे कुलूप आधीच निघालेले होते. तेवढ्यात वकिलांनीच दारातून विणकराच्या बायकोला हाक मारली, “बाई, आत या. आता नियम कसले बघताय.” ती आली आणि वर्तमानपत्रांच्या बाकावर टोकाला बसली.

रेडिओ तापायला अर्धे मिनिट गेले. खरखर झाली आणि एका पुरुषाचा गाण्याचा आवाज आला. शब्द नीट लागत नव्हते. खोलीत एकच गलबला झाला.

“आला, आला.”

“गप बसा की रं, ऐकू द्या.”

“आवाज लई गोड आलाय.”

ती म्हणाली, “हे ते न्हवं.”

पंच हसले. “अगं, पेटीत आवाज बदलतो. किती लांबून येतोय.”

“बदलू दे की. यांचा दम मला ठावं हाय. कुटं घेत्यात, कुटं सोडत्यात. ह्यो गडी भलतीकडंच दम घेतोय.”

“बायकांना काय कळतंय गाण्यातलं,” मागून कुणी म्हणाले.

साडेसातला गाणे संपले. निवेदकाने नाव सांगितले असेल तर ते टाळ्यांत बुडाले. पुढे बाजारभाव सुरू झाले. परवानगी संपली होती, म्हणून मी रेडिओ बंद केला. पेढे वाटले गेले. तिने घेतला नाही.

शनिवारी विणकर परत आला तेव्हा स्टेशनवर पेठ लोटली होती. हार घातले गेले. तो म्हणाला, “मी गायलोच न्हाय.”

“आमी ऐकलं की.”

“आवो, मला बसवलंच न्हाय तितं.”

“बघा,” पंच लोकांना म्हणाले, “एवढं नाव झालं, पर गर्व न्हाय.”

त्याने आणखी दोनदा सांगितले. मग हार गळ्यात घेऊन घरी चालत गेला.

रविवारी त्याने मला सविस्तर सांगितले. केंद्रावर त्याला गाणे एकदा म्हणून दाखवायला लावले. समोर कागद घेऊन बसलेल्या माणसाने हिरव्या काठाशी थांबवले. मंजूर प्रतीत लाल होता. विणकराने सोलापूरच्या शिक्क्याची हकीकत सांगितली. तो माणूस म्हणाला, सोलापूरचा शिक्का सोलापुरात. विणकराने लाल म्हणायची तयारी दाखवली. तेव्हा त्याला विचारले गेले की तुमच्या गावी लाल नामंजूर झाला आहे का, आणि त्याने खरे ते सांगितले. मग त्याला ओसरीवर थांबायला सांगितले. तो आठपर्यंत तिथे बसून होता.

बदललेली प्रत केंद्राला कळवायची राहिली होती. ते काम माझे होते.

त्याची बायको बाजूला कांड्या भरत होती. “म्या सांगितलं तवा कुनी ऐकलं न्हाय,” ती म्हणाली. तो माग चालवू लागला, गायला नाही.

पेठेत कुणाचाच विश्वास बसेना, म्हणून मी केंद्राला लिहिले. उत्तर काही आठवड्यांनी आले. त्यात म्हटले होते की, सादर केलेल्या आणि मंजूर मजकुरात तफावत आढळल्यामुळे त्या गुरुवारी सदर गायकाचा कार्यक्रम झाला नाही आणि त्या वेळेत दुसऱ्या कलावंताचे गायन घेण्यात आले. मी त्याचे मराठी करून मूळ पत्रासह वाचनालयाच्या फलकावर लावले. पंचांनी ते वाचले आणि म्हणाले, सरकारी कागदात काय, काहीही लिहिलेलं असतं.

दुसरी तारीख मागाहून कळवण्यात येईल, असे पत्राच्या शेवटी होते. मी सोलापूर सोडेपर्यंत ती आलेली नव्हती.