रादोयकाचा डबा

लेस्कोव्हाट्स शहराजवळच्या त्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. रादोयका रोज घरीच असे. तिच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात साऱ्या गल्लीच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या. ताप उतरला की औषध थांबवायचं आणि उरलेलं तिच्याकडे पोचतं करायचं, अशी रीतच होती. कुणाला सर्दी झाली की डब्यातून दोन गोळ्या निघत. सर्दी विषाणूंची, त्यांना या गोळ्यांचं सोयरसुतक नसतं. पण माणूस आपसूक बरा होई आणि श्रेय डब्याला जाई.

मग तिच्या नवऱ्याला, स्वेतिस्लावला, लघवीत जंतू होऊन ताप चढला. डब्यातल्या गोळ्यांनी उतरला, तिने गोळ्या थांबवल्या, ताप पुन्हा चढला. असं दोनदा झालं. पुढच्या खेपेला उतरेचना.

हॉस्पिटलात डॉक्टर विदोसावांनी त्याचे जंतू काचेच्या बशीत वाढवले, वर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या आणि बशी रादोयकाला दाखवली. औषध चालतं तिथे टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. इथे जंतू टिकल्यांना खेटून बसले होते.

“बाई, औषध अर्धवट दिलंत. नाजूक होते ते मेले, चिवट उरले. आता सगळी त्यांचीच पिलावळ.”

रादोयका बशीवर वाकली. शरद ऋतूत तिथल्या घराघरांत लाल मिरच्या भाजून, तासन्‌तास ढवळून बरण्यांत भरायचं आयवार शिजतं.

“म्हणजे कंटाळून चुलीवरून लवकर उतरवलेलं आयवार,” ती म्हणाली. “वरून छान दिसतं, आणि बरणी नाताळाआधी फसफसते.”

“साधारण तसंच. फक्त बरणी फेकून देता येते.”

कडेच्या एका टिकलीभोवती बारीकशी कड मोकळी होती. ते औषध शिरेतून द्यायचं, मूत्रपिंडांना जड.

“आणि यानेही नाही भागलं तर?”

“मग माझ्याकडेही डबा नाही, बाई.”

भागलं त्या औषधाने. स्वेतिस्लाव निम्मा होऊन, पण चालत घरी आला.

यानंतर तिने जे केलं, ते गावात सहसा कुणी करत नाही. आयवारच्या बरण्या घेऊन ती दारोदार फिरली आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं: “माझ्या गोळ्यांनी नवरा जवळजवळ घालवला होता. तुमच्याकडे उरल्या असतील त्या द्या, औषधाच्या दुकानात नष्ट करायला देते. ही बरणी घ्या.” गावची अर्धी डॉक्टरीण म्हणून मिळवलेला मान तिने असा स्वतःच्या पायांनी परत केला.

“म्हणजे आता सर्दी झाली तर मरायचं का, काकू?” शेजारच्या स्तानिमिरने विचारलं.

“नाही रे. शिंकायचं.”

हिवाळ्यात स्वेतिस्लावलाच सर्दी झाली. सवयीने त्याने डबा उघडला. आत बिस्किटं होती. तो जरा हिरमुसला. मग चहा मागितला आणि तीच खाल्ली.