न प्यालेली दारू

परळच्या त्या चाळीत बेवडा झोकांड्या खात आला तर कुणी मान वर करून बघत नसे. रोजचंच होतं ते. पण कोंडीराम तांबे पडला तेव्हा तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या, कारण कोंडीराम चाळीचा बौद्धाचार्य होता. लग्न असो, नामकरण असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, पांढरा सदरा-लेंगा घालून तोच उभा राहायचा आणि लोकांकडून पंचशील म्हणवून घ्यायचा. चौथं शील, खोटं बोलणार नाही. पाचवं, दारूला शिवणार नाही. पाचव्याला त्याचा आवाज चढायचा. समोर बसलेल्या निम्म्यांचे बाप दारूनंच गेलेले.

रविवारी विहारात तो मैत्रीभावना घ्यायचा. पहिली ओळ ‘मी सुखी होवो’, मग आईबाप, शेजारी, वैरी, सगळे जीव. कोंडीराम पहिल्या ओळीला लोकांना नुसतं ‘म्हणा’ म्हणायचा आणि ते म्हणत असताना स्वतः घसा खाकरायचा. स्वतःसाठी काय मागायचं, लाज वाटते, असं त्याचं म्हणणं. शेजारीच बसणारा गंगाधर गालात हसायचा. हा गंगाधर त्याच्याच मिलमधला, एके काळचा अट्टल पिणारा. कोंडीरामनं त्याला किती वेळा गटाराकडेनं उचलून आणला त्याला मोजदाद नाही. शेवटी एका बुद्धपौर्णिमेला कोंडीरामच्या मागून पाचवं शील म्हणून त्यानं बाटली सोडली, आणि तीन वर्षं ते शील पाळलं.

मिलमध्ये दोघं सूत कातायच्या रिंग खात्यात. फिरत्या चातीवर सूत तुटलं की टोक बोटांनी पकडून चालत्या मशीनवर सांधायचं, हे काम. विणकाम खात्यात यांच्या जातीच्या माणसांना पूर्वी घेतच नसत. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असे आणि यांचं उष्टं कुणाला चालत नसे. म्हणून कोंडीरामचा बाप रिंगमध्ये, बापामागं हा रिंगमध्ये. पण बोटांचा तोरा केवढा. डोळे मिटून सांधा मारतो म्हणायचा. एक्याऐंशीच्या पावसानंतर त्याच बोटांना सूत लागेना. मग डाव्या डोळ्यापुढं तीन आठवडे धूर धरला आणि आपसूक गेला. मग पाय. आपलाच पाय, पण कुणी दुसऱ्यानं ठेवायला दिल्यासारखा.

जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. घराघरांत चुली थंडावल्या, बायका कानातलं विकायला निघाल्या, आणि कोंडीरामला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी आपली बोटं बघणार नाही. लोकांची पोरं उपाशी आणि आपल्याला बरं वाटतंय, या विचारानं तो मोर्च्यात सगळ्यांच्या मागून चालायचा.

मार्चमध्ये तो एकटाच एका मोठ्या इस्पितळात गेला. त्यांनी पाठीतून पाणी काढलं, टाचण्या टोचल्या, डोळ्यांत बॅटरी मारली. पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वायरवरचं रबर जागोजागी निघालंय असं समजा. मेंदूचा निरोप हातापायांना पोचत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. पुरतं बरं करणारं औषध नाही, कमीजास्त होत राहील. लघवीचाही ताबा कधी सुटेल, त्यात तुमचा दोष नाही. उन्हात फिरू नका. आणि घरी सांगा.”

शहाण्यानं यातलं काहीच केलं नाही. कागद ट्रंकेत पांढऱ्या सदऱ्याखाली दडवला. मिल उद्या सुरू झाली आणि हा लुळा आहे हे वर कळलं तर नाव कापलंच समजा. ज्या मिलसाठी हे लपवलं तिनं पुढं धडधाकटांनाही परत घेतलं नाही, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तो भर उन्हात पांढऱ्या कपड्यांत पुढं चालला. चाळीच्या तोंडाशी येईस्तोवर पाय ताठले. दोन हेलकावे खाल्ले आणि सगळ्यांसमोर आडवा झाला. तेवढ्यावर भागलं असतं, पण उठताना त्याला कळलं की लेंगा ओला झालाय.

विहार कमिटीचे अध्यक्ष बुधाजी वाकून म्हणाले, “कोंडीराम, घेतलीस काय रे?”

गॅलरीतून बायका बघत होत्या. दारुड्याचा भिजलेला लेंगा चाळीनं शंभरदा पाहिला होता. शुद्धीतल्या बेचाळीस वर्षांच्या बाप्याचा कुणी पाहिला नव्हता. कोंडीराम म्हणाला, “हो. थोडी घेतली.”

एवढंच. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस भर जयंतीला दारुडा झाला. आठ दिवसांत कमिटीनं त्याचं आचार्यपण काढून घेतलं. बुधाजी पुस्तिकेत बघून अडखळत वंदना घेऊ लागले. नळावर बायका बकुळाला, त्याच्या बायकोला, टोमणे मारायच्या. ती हंडा भरून गुमान वर यायची. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि ‘मर मेल्या’ असं स्वतःच्याच पायाला पुटपुटायचा.

दीड महिन्यानं एका सकाळी गंगाधरची बायको चंपा दारात येऊन उभी राहिली. ओठ फुटला होता. आत काही आली नाही.

“परत प्यायला लागलेत,” ती म्हणाली. “अडवलं तर म्हणतात, शील देणाराच पितो तर मी कोण लागून गेलो? तुमचं नाव घेऊन पितात, भावजी. तेवढं सांगायला आले.” आणि ती गेली.

कोंडीराम तसाच बसून राहिला. पडलो तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं होतं. आज तेवढंही मागायचं तोंड उरलं नव्हतं. आपली लाज झाकायला त्यानं गंगाधरचा संसार पांघरला होता.

बकुळा स्टोव्हला पिन मारत होती. मान न वळवता म्हणाली, “तुमच्या तोंडाला वास नव्हता त्या दिवशी.”

त्याची नजर ट्रंकेकडे गेली.

“बापाचं तोंड हुंगण्यात माझं बालपण गेलंय. दारू मला शिकवू नका. ट्रंकेतला कागदही पाहिलाय. वाचता येत नाही, पण इस्पितळाचा शिक्का कळतो मला. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

मग त्यानं सगळं सांगितलं. बोटं, डोळा, लघवी, संपानं वाटलेलं बरं, सगळं. सांगताना तो तिच्याकडे नाही, स्टोव्हकडे बघत होता.

बकुळा म्हणाली, “गंगाधर भावजी असे पडायचे तेव्हा उचलून कोण आणायचं?”

“मी.”

“लेंगा भिजलेला असायचा त्यांचा. काय म्हणायचात त्यांना?”

“म्हणायचो, होतं असं. ऊठ, घरी जाऊ.”

“मग स्वतःला हे म्हणायला काय जीभ झडते? ते तर प्यालेले असायचे. तुम्ही आजारी आहात. वैऱ्याला मैत्री देता आणि या गरीब पायाला दिवसभर शिव्या. बसा आता. लोकांना श्वास बघायला शिकवता ना, तसे बसा.”

तो भिंतीला टेकून बसला. श्वास आला, श्वास गेला. पाय बधिर होता. आहे तर आहे. मन म्हणालं लुळा, मग म्हणालं खोटारडा. येईल ते नुसतं बघा, त्याला झोडपू नका, असं तो लोकांना सांगायचा. सांगणं सोपं असतं हो. लाज आली ती गेलीच नाही, मांडी घालून समोरच बसली. पण एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो तिच्यापासून पळाला नाही. हात आपसूक पायावर गेला आणि तो हळूच म्हणाला, “होतं असं.” एवढ्या दोन शब्दांनी त्याला रडू फुटलं.

रविवारी तो काठी टेकत विहारात गेला. गंगाधर पायरीवर बसला होता, सकाळीच लावून आलेला. कोंडीराम त्याला हाताला धरून आत घेऊन गेला आणि उभ्यानंच बोलला.

“जयंतीला मी प्यालो नव्हतो. मला आजार आहे. लघवी सुटली, त्याची लाज वाटली, म्हणून दारूचं नाव सांगितलं. पाचवं शील नाही मोडलं मी. चौथं मोडलं.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. गंगाधर म्हणाला, “जाऊ दे रे कोंड्या. सगळे बेवडे हेच म्हणतात, प्यालो नाय.”

कोंडीरामनं कागद बुधाजींपुढं धरला. बुधाजींनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं, मग चष्मा काढून हातात धरला आणि कुणाकडे न बघता म्हणाले, “खरं आहे. मार्चचा कागद आहे.”

गंगाधरचं हसू उतरलं. “म्हणजे तू प्यालाच नव्हतास?”

“नाही.”

“मग मी कुणाच्या नावानं पीत होतो?”

तो एवढंच म्हणाला, “चुकलो.”

“मला सांगायचंस की,” गंगाधर म्हणाला. “एवढ्या वेळा उचललास मला. मी एकदा नसता उचलला तुला?”

बायकांच्या रांगेत चंपा पदर तोंडाशी धरून बसली होती. कोंडीराम समोरच्या जागेवर गेला नाही. तो शेवटच्या रांगेत, भिंतीपाशी, गंगाधरच्या शेजारी बसला. बुधाजींनी पुस्तिका उघडली आणि मैत्रीभावनेची पहिली ओळ वाचली. लोक म्हणू लागले. सवयीनं कोंडीरामनं घसा खाकरला.

गंगाधरनं त्याच्या बधिर गुडघ्यावर हात दाबला. तोंडाला भपकारा येत होता. “खाकरू नकोस,” तो म्हणाला. “म्हण. तू म्हणशील तर मी म्हणेन.”

लोकांचं म्हणून झालं होतं. विहारात सगळे थांबले होते आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. ओल्या लेंग्यानं उठताना वाटली नव्हती एवढी लाज त्याला वाटली. मान खाली घालून, कसाबसा, तो म्हणाला, “मी सुखी होवो.”

आणि तीन वर्षांपूर्वी म्हणाला होता तसंच, त्याच्या मागून, गंगाधरनं म्हटलं.