शुक्रवारचा उपास

मी मुळातच भित्री. पाल दिसली की मी पलंगावर उभी. आमच्या चर्चच्या मंडळीने चेन्नईला सेवेसाठी एखादं वयस्कर जोडपं पाठवायचं ठरवलं, तेव्हा आमचे हे सभेत उठून उभे राहिले आणि म्हणाले, “आम्ही तयार आहोत.” त्या ‘आम्ही’मध्ये मी कधी शिरले, हे मला अजून कळलेलं नाही. हे निवृत्त हेडमास्तर, मी शाळेत शिवण शिकवायची. मुलं आपापल्या संसाराला लागलेली. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून आले.

काम तसं साधं होतं. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली आमच्यातली बरीच तरुण मंडळी गिंडीच्या कारखान्यांत आणि ऑफिसांत कामाला होती. त्यांना रविवारी मराठीतून उपासना मिळावी, कुणी आजारी पडलं तर उशाशी बसायला वडीलधारं माणूस असावं, एवढंच. देश आपलाच, पण मला तो परदेशच वाटायचा. दुकानाची पाटी वाचता येईना, भाजीवालीशी बोलता येईना. निरक्षर माणसाचे हाल काय असतात ते म्हातारपणी कळले.

वेस्ट मांबलमला फ्लॅट मिळाला. समोरच्या दारापुढे रोज सकाळी तांदळाच्या पिठाची सुरेख रांगोळी, चौकटीवर गणपती, आणि आत एकटी राहणारी एक म्हातारी बाई. तिला बघून माझी छाती धडधडायची. आपण ख्रिस्ती, घरात दर रविवारी माणसं जमवून गातो. हिने कुणाकडे तक्रार केली तर? कुठल्याशा गावात प्रार्थना चाललेल्या घरात जमाव घुसल्याचं कुणीतरी सांगितलं होतं, ते माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं. खरं तर त्या बाईने आम्हाला कधी वाकडा शब्द ऐकवला नव्हता. सरळ शब्दही नव्हता, कारण तिची चाहूल लागली की मी दार लावून घ्यायची. उपासनेच्या वेळी चेन्नईच्या त्या उकाड्यात मी सगळ्या खिडक्या बंद करायची आणि गीतं कुजबुजत म्हणायला लावायची. हे चिडवायचे, “अगं, प्रभूला ऐकू जातंय, पण पेटीवाल्याला जात नाहीये.”

यांना मात्र भीती म्हणून ठाऊक नाही. लोकल पकडून एकटे गिंडीला जायचे, तमिळची दोन वाक्यं आणि बाकी हातवारे यांवर अख्खं शहर फिरून यायचे. यांच्या माघारी मी कडी लावून बसायची. यायला जरा उशीर झाला की अपघात, चोर, पोलीस, सगळं माझ्या डोळ्यांपुढून फिरून जायचं.

यांना साखरेचा आजार आहे. रोज सकाळी पोटात इन्सुलिनची सुई मीच टोचते आणि लगेच खायला वाढते. पण मधल्या काही महिन्यांत दर शुक्रवारी सुई घेतली की हे तडक निघायचे. “गिंडीला इडली फार छान मिळते,” म्हणायचे. मी निश्चिंत. मिळते म्हणाले होते, खाल्ली असं काही म्हणाले नव्हते, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. हेडमास्तर माणूस, खोटं न बोलता कसं फसवायचं ते बरोबर जाणतो.

त्या शुक्रवारी हे दुपारी घरी आले ते घामाने निथळत. सदरा अंगाला चिकटलेला. मी म्हटलं, ऊन लागलं. पाणी दिलं तर पेल्याकडे नुसतं बघत राहिले. “चपला काढा आधी,” म्हटलं, तर माझ्यावर खेकसले. आयुष्यात कधी खेकसले नव्हते. मग खुर्चीत बसले, माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, “आपण कोण?”

बघता बघता हे खुर्चीतच एका अंगावर कलले. यांच्या कपाळाला हात लावला तर बर्फासारखं गार. मी सवयीने यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागले, पण तोंडातून ‘प्रभू, प्रभू’ याच्यापुढे शब्द फुटेना. हाक मारावी तर कुणाला, आणि कुठल्या भाषेत? माणूस डोळ्यांदेखत चालला होता आणि मी दाराच्या कडीकडे बघत उभी होते. देवाशपथ सांगते, तेवढ्यातही मला समोरच्या बाईची भीती वाटत होती.

मग यांच्या घशातून घरघर ऐकू आली आणि मी कडी काढून समोरचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

दार उघडलं. मी हातवारे करू लागले, तेवढ्यात ती बाई म्हणाली, “काय झालें? कां इतक्या भ्यालांत?”

मराठी! जुन्या काळचं, तमिळच्या हेलातलं, पण मराठी. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातली ती, हे मागून कळलं. नवल करत बसायला वेळ नव्हता. ती अनवाणीच धावत आली, यांचा ओला सदरा चाचपला, टेबलावरची इन्सुलिनची बाटली बघितली.

“अय्यो! सुई घेऊन जेवले नाहींत कीं काय? साखर उतरली आहे. मध आहे कां?”

मी मधाची बाटली आणली आणि पाण्याचा पेलाही पुढे केला तर तिने माझा हात मागे सारला. “पाणी नको, घशांत अडकेल. माझ्या यजमानांस हेंच होत होतें.” तिने बोटाने थोडा थोडा मध यांच्या गालांच्या आतून चोळला आणि दुसऱ्या हाताने फोन लावून अँब्युलन्स बोलावली. मी नुसती तिचा पदर धरून उभी होते.

गाडीत मी तिला विचारलं, “मराठी येतं, तर कधी बोलला का नाहीत?”

“दर रविवारीं तुमचीं गाणीं ऐकतें मी,” ती म्हणाली. “बोलूं कशी? तुम्ही दार लावून घेतां.”

इस्पितळात सलाईन लागलं आणि संध्याकाळपर्यंत हे माणसात आले. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं? हे सलाईनच्या बाटलीकडे बघू लागले. ती बाई औषधं आणायला बाहेर गेल्यावर मी पुन्हा विचारलं, तेव्हा कबूल झाले. दर शुक्रवारी उपास-प्रार्थना चालली होती. उपास गुपचूप करावा, तो कुणाला दिसू नये, अशी आमच्यात शिकवण; म्हणून मला सांगितलं नाही. सुईला नाही म्हटलं तर मला कळलं असतं, म्हणून तीही मुकाट्याने घेतली.

“आणि एवढं काय मागत होतात देवाजवळ?”

“तुझी भीती जावी,” हे म्हणाले. “इथे आल्यापासून तू एक दिवस सुखाने बसली नाहीस.”

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. “माझी भीती घालवायला मला विधवा करायला निघाला होतात?” मी एवढ्या जोरात ओरडले की नर्स डोकावून गेली. उद्यापासून घास तोंडात गेल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, असं बजावलं. हे एरवी काहीतरी विनोद करून मोकळे झाले असते. पण हसले नाहीत. सलाईन नसलेल्या हाताने माझं मनगट धरलं.

“अगं, तू समोर होतीस आणि मला तू ओळखू येईनास. मी फार घाबरलो गं.”

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात भिण्याचं काम माझं आणि न भिण्याचं यांचं. यांच्या जिवावरच तर मी आजवर खुशाल भीत आले होते.

“मी आहे ना,” मी म्हटलं आणि पलंगाच्या कडेला बसले. उभं राहवत नव्हतं, पाय लटलटत होते.