साहेबराव कंडक्टरचं लव्हेंडर

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या साहेबरावांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, पण गावात नाव झालं ते घोरण्यामुळं. घोरणं तरी कसलं, जुनी गाडी घाट चढते तसं. मधेच आवाज बंद पडायचा, आता थांबलं वाटेपर्यंत गिअर बदलून पुन्हा सुरू. शेजारच्या झुंबरबाई सांगायच्या, सुरुवातीला आमची म्हैस दचकायची, मग तिला सवय झाली. सवय झाली नाही ती एकट्या केशरबाईंना, आणि त्यांचं तर त्या घोरण्याशी लग्न झालेलं.

नोकरी होती तोवर निभलं. निम्म्या रात्री साहेबराव मुक्कामी गाडीवर असायचे. रिटायर झाले आणि रोजचा मुक्काम घरी आला. दोन वर्षांत केशरबाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं, बोलता बोलता डुलकी लागू लागली, आणि एक दिवस वरणात मिठाऐवजी साखर पडली. त्याच दिवशी त्यांनी दोन साड्या पिशवीत भरल्या, पिशवी खुंटीला टांगली आणि जाहीर केलं, पावसाळा सरेपर्यंत झोपेची सोय झाली न्हाई तर मी अंबडला प्रीतीकडं जाणार, कायमची. प्रीती ही त्यांची लेक, तिथं दवाखान्यात नर्स होती.

साहेबराव येताजाता त्या पिशवीकडं बघू लागले. तसा चहा त्यांना स्वतःला करता यायचा, भाकरीही जमली असती वेडीवाकडी. पण चहा पिताना कुणाला तरी ‘साखर कमी हाय’ म्हणायचं असतं, आणि ते भिंतीला म्हणून काय उपयोग? बायकोशिवाय आपल्याला करमणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त तोंडानं सांगायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती.

प्रीतीनं फोनवर सांगितलं, पप्पा, आधी नाका-घशाच्या डॉक्टरला दाखवा. आणि जाता जाता म्हणाली, लव्हेंडरच्या वासानं शांत झोप लागते म्हणतात, आईच्या उशाशी ठेवून बघा. साहेबरावांनी पहिला सल्ला गाळला आणि दुसरा उचलला. वासाची बाटली जालन्यात मिळाली असती, पण बाटलीत काय घालतात कोणाला ठावं, म्हणून या गड्यानं मोबाईलवरून थेट पाच रोपं मागवली.

आता टेंभुर्णीची जमीन म्हणजे काळीभोर. कापसाला सोनं, पण पावसात पाय टाकला की चप्पल ठेवून घेते. रोपांबरोबर कागद आला होता, त्यावर लिहिलेलं, या झाडाला हवा कोरडी लागते, माती भुसभुशीत, आणि बुडाशी पाणी साचलेलं बिलकुल चालत नाही. साहेबरावांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, ऐन जूनमध्ये अंगणाच्या चिखलात रोपं लावली आणि वरून दोन पाट्या शेणखत ओतलं. आठ दिवसांत दोन रोपं काळी पडून माना टाकून बसली. मग त्यांनी कागद वाचला.

उरलेली तीन उपटून त्यांनी मुरूम, वाळू आणि विटांच्या तुकड्यांचा गुडघाभर ढीग रचला, त्यावर रोपं बसवली. वेल्डिंगवाल्या बदरोद्दीनला सांगून चार पायांचं पत्र्याचं छप्पर करून घेतलं. झालं काय, की ते हुबेहूब बसथांब्यासारखं दिसायला लागलं. पाऊस आला की झुंबरबाईंच्या शेळ्या तिथं उभ्या राहायच्या. एका शेळीनं रोप हुंगून तोंड फिरवलं, त्याचाही साहेबरावांना राग आला.

आभाळाच्या पाण्याचा बंदोबस्त झाला. राहिलं माणसांचं पाणी. आपल्या भागात माणूस पाण्याची किंमत टँकरच्या रांगेत शिकतो. तांब्यात उरलेलं घोटभर पाणी कोणी फेकत नाही, जवळच्या झाडाच्या बुडाशी घालतो, तेवढंच पुण्य. आणि इथं तर भर पावसाळ्यात तीन रोपं पत्र्याखाली कोरडी ठणठणीत! येणाऱ्याजाणाऱ्याचा जीव कळवळायचा. बदरोद्दीन आपलं छप्पर बघायला आला की बाटलीतलं उरलेलं पाणी घालून जायचा. झुंबरबाई तर दिवस उगवायच्या आत अख्खी बादलीच रिचवायच्या. आणखी दोन रोपं गेली.

साहेबरावांनी झुंबरबाईंना बादलीसकट पकडलं, तर उलट त्यांचेच डोळे भरून आले. “भाऊ, भरल्या पावसाळ्यात लेकरू तान्हेलं ठेवलंय तुम्ही. मला बघवंना.”

साहेबरावांनी पाटी लावली, ‘पाणी घालू नये’. लोकांनी पाटी वाचली, चुकचुकले, काय निर्दयी माणूस म्हणाले आणि दुप्पट पाणी घातलं. पालथ्या घड्यावर पाणी तरी वाया जातं, हे सरळ मुळात जात होतं.

शेवटी साहेबरावांनी आपली खाट उचलली आणि छपराशेजारी, झुंबरबाईंच्या गोठ्यालगतच्या पडवीत टाकली. मुक्काम तिथंच. उशाला छत्री आणि एक घंटी. कोणी तांब्या घेऊन आलं की घंटी वाजायची, एसटीत पुढं सरकायला सांगावं तसं साहेबराव हातानं सांगायचे, चला, पुढं चला.

आठवडाभरात केशरबाईंच्या तोंडावर तेज आलं. वरणात मीठ बराबर पडायला लागलं. भाकऱ्या थापताना त्या गुणगुणू लागल्या. एक दिवस पिशवीतली एक साडी बाहेर आली, पंधरा दिवसांनी दुसरी. साहेबरावांची छाती फुगली. रोपाला पंचवीसेक पानं होती, फुलाचा पत्ता नव्हता, पण वास खिडकीतून बरोबर आत जातो, असं ते गावभर सांगत सुटले. झुंबरबाईंची म्हैस तेवढी दूध कमी देऊ लागली होती, पण त्याचा संबंध कोणी लावला नाही.

बदरोद्दीन एकदा घरी आला असता त्यानं सहज विचारलं, “साहेबराव भाई, भाभींना झोप रोप आल्यापासून लागून राह्यली, का तुम्ही खाट बाहेर टाकल्यापासून?”

साहेबराव चहा फुंकत होते, त्यांनी ऐकलंच नाही. केशरबाईंनी मात्र बदरोद्दीनकडं असं बघितलं की त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि दुकान उघडं राह्यलंय म्हणत निघून गेला.

सप्टेंबरात आठ दिवस झड लागली. कोणी थेंब घातला नाही, पण हवाच इतकी ओली की शेवटचं रोपही खालून कुजलं. साहेबरावांनी ते हळूच उपटलं आणि मुळांची माती झटकली. मग खाट डोक्यावर घेतली आणि दाराशी आले. दारात केशरबाई उभ्या.

“मेलं ते,” साहेबराव म्हणाले. “जाशील आता तू अंबडला. नको जाऊ. मला न्हाई करमणार.”

चाळीस वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. केशरबाईंनी पदरानं नाक पुसलं, पण दारातून हलल्या नाहीत.

“कुठं जाऊन राह्यले मी? दुसरं रोप मागवा. आन खाट न्या तिथंच परत. नव्या रोपाच्या जाग्याला आतापासूनच राखण पायजेल.”

साहेबरावांनी खाट तिथंच परत टाकली. नवं रोप यायला बारा दिवस लागले, तोवर ते रिकाम्या मुरमाच्या ढिगाची राखण करीत राहिले. रोज सकाळी केशरबाई चहा खाटेवर आणून द्यायच्या, आणि पहिला घोट घेऊन साहेबराव म्हणायचे, “साखर कमी हाय.”