मूर्तीसारखा जपलेला बोर्ड

दुपारी मंगेश पुन्हा माझ्या दारात हजर. हातात तोच बोर्ड, सकाळी मी दुरुस्त करून टेबलावर चालवून दाखवलेला. म्हणाला, "काकू, घरी लावला तर मशीन हूं की चूं करत नाय."

मंगेश पेणचा, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पॅक करतो. बोर्ड त्याच्या आईच्या ऑक्सिजन मशीनचा. कंपनीचा माणूस परवा येणार होता आणि मशीनऐवजी लावलेला सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरणार होता. तोवर जमलं नाही तर आईला सरळ हॉस्पिटलमध्ये ने, असं मी बजावलं होतं. आई मात्र जायचं नाव घेत नव्हती.

मी रोह्यात एका कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट विभागात होते. रिटायर झाल्यावर तिथेच घरच्या मागच्या खोलीत वर्कशॉप मांडलं. बोर्ड तपासला. कॉम्प्रेसरला हुकूम देणारी चिप गेली होती, सकाळीच बसवलेली, नवी कोरी. आता तसली एकच शिल्लक होती.

कारण सापडल्याशिवाय ती बसवण्यात अर्थ नव्हता. भिंग लावलं. बोर्डाला थर्माकोलचे पांढरे दाणे चिकटले होते. फुंकर मारली तरी हलेनात.

"मी दिलेल्या पिशवीतनं काढलास?"

"व्हय. ती करडी पिशवी पातळ हाय. वडखळपर्यंत गाडी किती आदळते. थर्माकोलात बसवला, मूर्ती बसवतो तसा. वरनं प्लास्टिक. एक दणका नाय लागू दिला, काकू."

मला रागही आला आणि त्याची कीवही आली. कोरड्या थंडीत थर्माकोल, प्लास्टिक घासलं की स्टॅटिक वीज साठते, स्वेटर काढताना चटचटते तीच. आपल्याला नुसता चटका बसतो, चिपचा जीव जातो. करडी पिशवी ती वीज आत येऊ देत नाही. मूर्ती फुटली तर तुकडे दिसतात, चिप मेली तरी दिसायला तशीच.

मनगटाला पट्टा बांधला. त्याची वायर अर्थिंगला जाते, अंगावरची स्टॅटिक जमिनीत उतरते. मंगेशला स्वेटरसकट दाराबाहेर उभं केलं. शेवटची चिप सोल्डर करून बसवली. बोर्ड टेबलावर चालला. पण सकाळीही चाललाच होता.

दुसरी करडी पिशवी नव्हती. मी बोर्ड चपात्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळला, तेही स्टॅटिक अडवतं, पट्टा बरोबर घेतला आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले. पोचलो तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्टीत होता. बोर्ड मीच बसवला. बटण दाबलं. काहीच नाही. मग कॉम्प्रेसर घरघरला.

आईने नाकाची नळी सावरली, फॉइलकडे बघितलं. "चपात्या आणल्यास काय गो?"

आता मी गिऱ्हाइकाला 'जपून न्या' म्हणत नाही. जपायची रीत ज्याची त्याची वेगळी. 'पिशवी उघडू नका' एवढंच सांगते.