उघड्यावरची काच

ती घटना आठवते, असे म्हणणे अपुरे आहे. ती मला सोडत नाही. निवृत्त माणसाने दुपारी स्वस्थ पडावे. मी मात्र औषधाच्या दुकानात गेलो की बाटली उजेडात तिरकी धरून बघत बसतो आणि दुकानदार वैतागतो.

तेव्हा मी सोलापूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळा ऐन भरात होता. सकाळची हजेरी घेऊन मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरबाई आल्या. बसा म्हटले तरी बसेनात.

"सर, मला फक्त संशय आहे, पुरावा नाही. पण थांबायला वेळही नाही."

सांगोल्याकडचा एक मेंढपाळ त्यांच्याकडे होता. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्याच्या रक्तात जंतू शिरला होता आणि तो जंतू नेहमीच्या कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देत नव्हता. म्हणून महागडे, नवे इंजेक्शन सुरू केले. रुग्णालयाच्या लॅबमध्ये चाचणीसाठी ठेवलेले तेच औषध त्याच जंतूला मारत होते. माणसाच्या अंगातला ताप मात्र हटत नव्हता.

"मग औषध बदला," मी म्हणालो.

"बदलायचं तर एकच उरतं, आणि ते किडनीवर जातं. याच्या किडन्या आधीच थकल्यात. दिलेलं औषध खरं असेल तर मला ती जोखीम घ्यावीच लागेल. खोटं असेल, तर खरं औषध याला अजून वाचवू शकतं. त्याच्या अंगात नेमकं काय गेलं, एवढंच मला कळायला हवं."

सरकारी प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर अहवाल यायला आठवडे लागतात. तोवर त्या माणसाचे दिवस घालून झाले असते.

मी औषध निरीक्षकांना फोन करून रुग्णालयात बोलावले आणि डॉक्टरबाईंच्या मागोमाग निघालो. वाटेत त्यांनी औषधाची रीत सांगितली. हा जंतू स्वतःभोवती एक रसायन सोडतो आणि अँटिबायोटिक जवळ येताच त्याचे तुकडे करून टाकतो. म्हणून नव्या बाटलीत दोन औषधे एकत्र भरतात. एक त्या रसायनाला मिठी मारून जखडते, तेवढ्यात दुसरे जंतूला मारते.

"म्हणजे आमच्या छाप्यासारखेच," मी म्हणालो. "एका शिपायाने दारातल्या पहारेकऱ्याचे हात धरायचे, दुसऱ्याने आत घुसायचे."

"तसंच. आणि हात धरणारा शिपाई बनवायलाच जास्त अवघड असतो. निर्जंतुक खोलीत, मोजूनमापून. तो घरच्या ओट्यावर तयार होत नाही."

हे इंजेक्शन रुग्णालयाच्या दुकानात मिळत नव्हते. जुळे सोलापुरातला एक पुरवठादार रोजचे रोज नातेवाइकांच्या हाती आणून द्यायचा, त्यामुळे शिल्लक बाटली एकही नव्हती. रिकाम्या मागितल्या, तर त्याही नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "पुरवठादार स्वतःच नातेवाइकांकडून गोळा करून नेतात. कंपनीला परत द्याव्या लागतात म्हणे." इथेच पाणी मुरतेय हे मला कळले. औषध देणारा माणूस मोकळ्या बाटल्यांसाठी कशाला हेलपाटे घालील? पण कळणे वेगळे आणि हातात काही असणे वेगळे. मी नुसताच व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो.

जिन्याच्या पायरीवर त्या मेंढपाळाची बायको बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. मी शेजारून गेलो तशी तिने पिशवी सावरून घेतली आणि आत काच वाजली.

"ताई, पिशवीत काय आहे?"

"बाटल्या हायत्या, सायेब. मालकास्नी टोचत्यात त्या."

"त्या औषधवाल्याला दिल्या नाहीत?"

"मागत हुता की रोज. न्हाय दिल्या. त्यो कुटं टाकील, काय ठावं? काच हाय ही. मेंढराच्या पायात गेली तर पाय सडतुया, जनावर हातचं जातंय. आमच्यात काच उगड्यावर टाकत न्हाईत. घरामागं खड्डा करून पुरत्यात. जाताना नेणार हाय मी समदी."

मी तिथेच पायरीवर बसलो.

त्या वॉर्डात एक शिस्त होती. नातेवाइकाने बाटली आणून दिली की अदलाबदल नको म्हणून सिस्टर लेबलवर बॉलपेनने खाटेचा नंबर लिहीत. मी एकेक बाटली खिडकीशी तिरकी धरली. वर शाईत या रुग्णाचा नंबर होता. त्याखाली शाई नव्हती, पण कागदावर पेन दाबल्याचा वळ होता. दुसऱ्याच खाटेचा नंबर! स्पिरिटने शाई पुसली जाते, वळ पुसला जात नाही. बाटली आधी एकदा कुणाला तरी टोचून झाली होती आणि भरून पुन्हा विकली गेली होती.

निरीक्षकांसमोर पंचनामा करून बाटल्या जप्त केल्या. पिशवी सोडताना बाईने विचारले, "परत द्याल न्हवं?" मी म्हणालो, "देतो."

दुपारी त्या पुरवठादाराला ठाण्यात आणले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणे. आधी कानांवर हात ठेवले, मग वकिलाचे नाव घेतले. वळ दाखवले तर म्हणे, "साहेब, सिस्टर चुकल्या असतील की." ताकास तूर लागू देईना. तिकडे डॉक्टरबाईंचे फोन येत होते. ताप वाढला होता, रक्तदाब ढासळत होता. दुसरे औषध सुरू करायचे की थांबायचे, हे त्यांना संध्याकाळच्या आत ठरवायचे होते. मी घड्याळाकडे पाहायचे टाळत होतो आणि पुन्हा पुन्हा तिकडेच पाहत होतो.

नोकरीत एक गोष्ट मी पाहिली होती. माणूस खऱ्या आरोपाला तयारीने येतो, पण त्याहून कमीपणा आणणारा आरोप केला की त्याला तो सोसत नाही. मी फाइल मिटली आणि हवालदाराला म्हणालो, "लिही रे, याने बाटलीत मीठ भरले. नळाचे पाणी आणि मीठ. रस्त्यावरचा भुरटा आहे हा."

तो ताडकन उठला. "मीठ न्हाय साहेब! मी काय भुरटा वाटलो व्हय? अँटिबायोटिकच भरलंय. चांगल्या कंपनीचं. जुनं असलं म्हणून काय झालं, पावडर पांढरीच असते की दोन्हींची!"

"आणि दुसरे औषध? जखडणारे?"

"ते कुठनं आणणार? लई महाग. पण औषधच दिलंय साहेब, विष न्हाय घातलं कुणाला."

तो बोलून बसला आणि मग त्याचा चेहरा उतरला. मी तोवर फोन उचलला होता. "मॅडम, जखडणारा शिपाई त्याच्यात नव्हताच. एकटाच आत पाठवलेला होता." पलीकडून त्या इतकेच म्हणाल्या, "थँक यू. दुसरं सुरू करत नाही."

खरे औषध पुण्याहून निघाले. वाटेत खोळंबा नको म्हणून मोहोळपासून पुढे वाट काढून द्यायला मी आमची जीप उभी केली. रात्री औषधाची थंड पेटी रुग्णालयात पोहोचली. पुढचे दोन दिवस मी बंदोबस्ताच्या नावाखाली त्या वॉर्डाला चकरा मारत राहिलो. ताप उतरल्याचे मेंढपाळाच्या बायकोने मला सांगितले तेव्हा मला रडू आले, आणि मी ते लपवले नाही.

एवढ्यावर थांबता आले असते तर बरे झाले असते. पण ते पुसलेले नंबर ज्यांचे होते, ती माणसे कुठे आहेत? त्यांच्या बाटल्यांत तरी खरे औषध होते का? त्यांच्या नातेवाइकांनी मागितल्याबरोबर काच देऊन टाकली होती, भला माणूस म्हणून. जी वाचली नसतील, त्यांच्या मृत्यूच्या कागदांवर जंतूचा दोष लिहिला गेला असेल. हा विचार आला की मी अजूनही उठून अंगणात फिरतो. चोर मला पुष्कळ भेटले. पण आपण निम्मे खरे दिले म्हणून निर्दोष आहोत, असे मनापासून मानणारा माणूस सगळ्यांत घातक, हे या प्रकरणाने शिकवले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. टिकल्या तर त्या बाटल्याच टिकतील. खटला अजून चालू आहे. मागच्या तारखेला मी साक्षीला गेलो, तर ती बाई नवऱ्याला घेऊन आली होती. तो काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी चालत होता. तिने नमस्कार केला आणि दबक्या आवाजात विचारले, "सायेब, आमची काच अजून उगडीच हाय व्हय?"

मी म्हणालो, "हो, ताई."